उचलली जीभ, लावली टाळ्याला : कैसर विल्हेल्म आणि १९०८ची ती मुलाखत

मागच्या व्याख्यानात आपण बिस्मार्कपाशी थांबलो होतो. आज त्याच्या पुढे जायचं आहे. पण आजचा विषय लढाया किंवा सीमा असा नाही. आज आपण एका माणसाच्या जिभेबद्दल बोलणार आहोत.

तारीख आहे २८ ऑक्टोबर १९०८. हे वर्ष आपल्याला आठवतं ते लोकमान्यांमुळे. जुलैमध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. त्याच वर्षी लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ या दैनिकात जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म, म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘कैसर’ म्हणतो, त्याचे विचार मुलाखतीच्या रूपात छापून आले. हेतू काय होता? इंग्लंड आणि जर्मनी यांच्यातला संशय कमी व्हावा, मैत्री वाढावी. परिणाम काय झाला? इंग्लंड बिथरलं, फ्रान्स आणि रशिया दुखावले, जपानला टोचलं आणि सगळ्यांत जास्त कोण भडकलं असेल, तर खुद्द जर्मन जनता. एका मुलाखतीत पाच ठिकाणी आग लावायची, हे जाणूनबुजून करायचं म्हटलं तरी जमणार नाही. (हशा)

हसू येतं खरं. पण हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. दोन बलाढ्य, एकमेकांवर संशय असलेल्या सत्ता समोरासमोर उभ्या असतात, तेव्हा त्यांच्या प्रमुखांचं बोलणं हे नुसतं बोलणं राहत नाही. समोरचा त्यातून आपला अर्थ काढतो. आणि तो अर्थ आपल्या शब्दकोशातून काढत नाही, स्वतःच्या भीतीतून काढतो. हे आज आपल्याला पाहायचं आहे.

आजीचा नातू, आणि आजीच्याच आरमाराचा हेवा

विल्हेल्म १८८८ साली गादीवर आला. वय अवघं २९. त्याची आई म्हणजे इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची थोरली मुलगी. म्हणजे ज्या इंग्लंडशी पुढे त्याचं जन्माचं वाकडं झालं, ते त्याचं आजोळ. लहानपणी सुट्टीत तो आजीकडे जायचा. राणीने त्याला ब्रिटिश आरमारातलं मानद ॲडमिरलपद दिलं, तेव्हा त्याला कोण आनंद झाला होता. तो गणवेश तो हौसेने मिरवायचा. इंग्लंडबद्दल त्याच्या मनात प्रेम होतं आणि मत्सरही होता. आपल्याकडे भावकीत जे असतं ना, तसंच काहीसं.

बिस्मार्क होता तोपर्यंत जर्मनीचं परराष्ट्र धोरण एका माणसाच्या मुठीत होतं. पटो न पटो, पण तो शब्द मोजून वापरायचा. १८९० मध्ये विल्हेल्मने त्याला घरी बसवलं. त्याच वर्षी रशियाशी असलेला गुप्त करार जर्मनीने पुढे चालू ठेवला नाही. रशिया फ्रान्सकडे सरकला आणि १८९४ पर्यंत त्या दोघांची युती पक्की झाली. बिस्मार्कने आयुष्यभर जे होऊ दिलं नव्हतं, ते चार वर्षांत झालं.

आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. जर्मनीच्या राज्यघटनेत चॅन्सेलर, म्हणजे पंतप्रधान म्हणा, संसदेला नव्हे तर सम्राटाला उत्तरदायी होता. सम्राटाच्या मर्जीवर त्याची खुर्ची. त्यामुळे ‘महाराज, हे बोलू नका’ असं तोंडावर सांगणारा माणूस दरबारात टिकणं अवघड. जीभ सैल होतीच, पण तिला लगाम घालणारा हातही उरला नव्हता.

एक तार, आणि तिच्यावर विसंबलेला म्हातारा

मुलाखतीकडे जाण्याआधी बारा वर्षं मागे जाऊ या. दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवाल नावाचं बोअर लोकांचं छोटं प्रजासत्ताक होतं. बोअर म्हणजे डच वंशाचे शेतकरी. तिथे सोन्याच्या खाणी सापडलेल्या. १८९५च्या डिसेंबर अखेरीस जेमसन नावाच्या ब्रिटिश माणसाने पाच-सहाशे लोक घेऊन ट्रान्सवालवर चाल केली. ब्रिटिश सरकारने या प्रकारावर हात झटकले. बोअरांनी चार दिवसांत या मंडळींना पकडलं. ब्रिटनची जगभर नाचक्की झाली.

आता अशा वेळी शहाणा प्रतिस्पर्धी काय करतो? गप्प बसतो. समोरचा स्वतःच खड्ड्यात पडला आहे, त्याला पडू द्यावं. पण ३ जानेवारी १८९६ रोजी कैसरने ट्रान्सवालचे अध्यक्ष क्रूगर यांना अभिनंदनाची तार केली. मित्रराष्ट्रांची मदत न मागता तुम्ही तुमचं स्वातंत्र्य राखलंत, असा तिचा आशय होता.

वरवर साधं वाटतं. पण ‘मित्रराष्ट्रांची मदत न मागता’ याचा अर्थ इंग्रजांनी काय लावला? मागितली असती तर जर्मनीने मदत दिली असती! झालं. कालपर्यंत जेमसनला नावं ठेवणारी इंग्लंडमधली जनता एका रात्रीत जर्मनीवर उलटली. लंडनमध्ये जर्मन दुकानांच्या काचा फुटल्या. एक खास आरमारी तुकडी सज्ज करण्यात आली. खुद्द आजीने नातवाला पत्र लिहून कानउघाडणी केली. नातवाने उत्तर दिलं की तार इंग्लंडच्या विरोधात नव्हतीच.

गंमत अशी, की त्या दिवशी बर्लिनमध्ये झालेल्या बैठकीत कैसरच्या डोक्यात याहून भलतंच काही होतं. ट्रान्सवालला जर्मन संरक्षण द्यावं, सैनिक पाठवावेत, असली भाषा चालली होती. मंत्र्यांनी त्याला शांत करण्यासाठी हा ‘सौम्य’ मार्ग सुचवला. म्हणजे ही तार म्हणजे सल्लागारांनी काढलेली तडजोड होती! राजाचा राग शमवायला म्हणून जे केलं, त्याने दुसऱ्या देशाचा राग पेटला. दरबारात सोयीचं काय, एवढंच पाहिलं. बाहेर ते कसं वाचलं जाईल, हे कुणी पाहिलंच नाही.

आणि या गोष्टीचा शेवट फारसा सांगितला जात नाही, तो सांगतो. १८९९ साली बोअर युद्ध खरंच सुरू झालं. जर्मनीने बोअरांना मदत केली नाही. १९००च्या अखेरीस तेच क्रूगर, पंचाहत्तरीचे, देश हातातून गेलेला, मदतीसाठी युरोपात आले. कैसरने त्यांना भेट नाकारली. बर्लिनला येऊ नका, असा निरोप त्यांना वाटेतच मिळाला. मोठ्या सत्ता एकमेकींना चिडवण्यासाठी शब्द फेकतात, तेव्हा त्यावर विश्वास ठेवणारा कुणीतरी लहान तिसरा असतो. शब्दाची किंमत बहुतेक वेळा तो मोजतो.

आता एकट्या कैसरला झोडपणं बरोबर नाही. इंग्लंडचे वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी १८९९च्या नोव्हेंबरमध्ये लेस्टर इथल्या भाषणात जर्मनीशी युतीची भाषा जाहीरपणे केली. पुरेशी तयारी नाही, समोरच्याला जाहीर करायचं आहे की नाही याचा अंदाज नाही. दोन आठवड्यांत जर्मन बाजूने त्यावर थंड पाणी ओतलं. दोन वर्षांनी याच चेंबरलेननी एडिंबरोत बोअर युद्धातल्या ब्रिटिश फौजेचं समर्थन करताना १८७०च्या जर्मन फौजेचा दाखला दिला आणि जर्मनीत गहजब झाला. तेव्हा बेपर्वाई ही काही राजघराण्याची मक्तेदारी नाही. निवडून आलेल्यांनाही ती छान जमते. (हशा)

सगळ्यांनी सही केली, वाचलं कुणीच नाही

आता मूळ मुद्द्याकडे. १९०८पर्यंत चित्र पालटलं होतं. १९०४ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांचा समझोता झाला, १९०७ साली इंग्लंड आणि रशिया यांचा. जर्मनीने १८९८ आणि १९०० साली आरमारवाढीचे कायदे केले होते. १९०६ मध्ये ब्रिटनने ‘ड्रेडनॉट’ ही नव्या पद्धतीची युद्धनौका पाण्यात सोडली आणि दोन्हीकडे शर्यत लागली. १९०८च्या सुरुवातीलाच कैसरने ब्रिटिश आरमारखात्याच्या मंत्र्याला, लॉर्ड ट्वीडमाउथ यांना, परस्पर खासगी पत्र लिहून ‘आमच्या आरमाराची भीती बाळगू नका’ असं सांगितलं होतं. ते पत्र बाहेर फुटलं आणि ‘टाइम्स’ने विचारलं की आमच्या आरमाराच्या खर्चात परक्या राजाने नाक का खुपसावं? म्हणजे वातावरण हे असं होतं.

१९०७च्या अखेरीस कैसर इंग्लंडमध्ये हॅम्पशायरच्या किनाऱ्यावरच्या हायक्लिफ वाड्यात काही आठवडे विश्रांतीला राहिला होता. वाडा कर्नल स्टुअर्ट-वर्टली यांचा. गप्पा रंगल्या. कैसरने मन मोकळं केलं. पुढच्या वर्षी जर्मन फौजेच्या कवायती पाहायला कर्नलसाहेब गेले, तिथे पुन्हा बोलणं झालं. कर्नल भला माणूस. त्यांना वाटलं, हे सगळं इंग्रज जनतेपुढे आलं तर गैरसमज दूर होतील. त्यांनी गप्पांवरून मुलाखतीसारखा मजकूर तयार केला आणि छापण्याची परवानगी मागायला कैसरकडे पाठवला.

आता लक्ष द्या. इथे कैसरने चक्क नियमाप्रमाणे केलं! त्याने तो मजकूर चॅन्सेलर ब्यूलोकडे पाठवला आणि तपासून द्या म्हणाला. ब्यूलो नॉर्डर्नाय बेटावर सुट्टीवर. त्यांनी तो न वाचताच, निदान त्यांचं म्हणणं तरी तसं, बर्लिनच्या परराष्ट्र खात्याकडे धाडला. खात्याचे प्रमुख जागेवर नव्हते. कागद खाली खाली सरकत क्लेहमेट नावाच्या एका अधिकाऱ्याच्या टेबलावर आला. या गृहस्थाने विचार केला : सम्राटाने पाठवलं, चॅन्सेलरने पाठवलं, म्हणजे छापायचं तर ठरलेलंच आहे. आपलं काम तपशील तपासायचं. त्याने किरकोळ दुरुस्त्या केल्या. कागद त्याच वाटेने परत वर गेला. ब्यूलोंनी पुन्हा पुढे सरकवला. आणि तो छापून आला.

सरकारी कचेरीत काम केलेले कुणी इथे असतील तर त्यांना हे नवं नाही. प्रत्येकाला वाटलं, वाचण्याचं काम दुसऱ्याचं. फाइलवर सगळ्यांचे शेरे होते, फक्त ‘हे छापावं का?’ हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

त्या मजकुरात काय होतं? आशय सांगतो. एक : तुम्ही इंग्रज ठार वेडे आहात, उगाच माझ्यावर संशय घेता. मैत्री करायची त्यांनाच वेडं म्हणायचं, ही सुरुवात! दोन : जर्मनीतले बहुसंख्य लोक इंग्लंडच्या विरोधात आहेत, मी मात्र मित्र आहे. म्हणजे इंग्रज वाचकाला कळलं की जर्मन जनता खरोखर शत्रू आहे, आणि जर्मन वाचकाला कळलं की आपला राजा आपल्या बाजूचा नाही. तीन : बोअर युद्धात फ्रान्स आणि रशिया यांनी मिळून इंग्लंडला नमवू या म्हणून मला गळ घातली, मी नकार दिला. हे दोन्ही देश आता इंग्लंडचे मित्र. त्यांची खासगी बोलणी चव्हाट्यावर आणली. चार : बोअरांशी कसं लढावं याचा आराखडा मी स्वतः तयार करून आजीला पाठवला होता, आणि लॉर्ड रॉबर्ट्स यांची मोहीम बरीचशी त्याच धर्तीवर झाली. इंग्रजांनी यावर नाक मुरडलं. पण जर्मनीत, जिथे लोकांनी बोअरांसाठी वर्गण्या गोळा केल्या होत्या, तिथे हे वाचून लोक सुन्न झाले. ज्याने क्रूगरला तार केली, त्यानेच शत्रूला लढाईचा आराखडा दिला? आणि पाच : आमचं आरमार इंग्लंडसाठी नाही, पॅसिफिकमध्ये उद्या काय होईल सांगता येत नाही, त्यासाठी आहे. रोख जपानकडे. आणि जपान १९०२ पासून इंग्लंडचा दोस्त!

यातलं एकेक वाक्य बोलताना त्याला मनापासून खरंच वाटत असणार. यात दुष्टावा नव्हता. तो वाड्यातल्या शेकोटीपाशी एका कर्नलशी बोलत होता. पण छापल्यावर तेच शब्द पाच राजधान्यांत, पाच वेगवेगळ्या भीतींच्या उजेडात वाचले गेले.

वादळ, आणि वादळानंतरची शांतता

१० आणि ११ नोव्हेंबरला जर्मन संसदेत, राइशस्टागमध्ये, चर्चा झाली. समाजवादी विरोध करणार हे धरलेलंच होतं. पण या वेळी राजनिष्ठ कॉन्झर्व्हेटिव्हसुद्धा उठले. ब्यूलोंनी सम्राटाचा बचाव केला, पण अर्ध्या मनाने. यापुढे सम्राट खासगी बोलण्यातही संयम पाळतील अशी माझी खात्री आहे, अशा अर्थाचं ते बोलले. स्वतः कागद वाचला नाही, ही चूक मात्र हळूच बाजूला सरकली. त्या कारकुनी अधिकाऱ्याची खुर्ची गेली. ‘घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं’ म्हणतात, तसं.

कैसर त्या वेळी मित्राकडे शिकारीला गेला होता. तिथेही एक विचित्र प्रसंग घडला. राजाची करमणूक करायला त्याच्या लष्करी कचेरीचा प्रमुख, काउंट ह्युल्सेन-हेसेलर, नर्तकीचा पोशाख करून नाचला आणि नाचून झाल्यावर हृदय बंद पडून तिथेच कोसळला. बाहेर देश पेटलेला, आत हे. कैसर खचला, गादी सोडण्यापर्यंत बोलू लागला. १७ नोव्हेंबरला त्याने ब्यूलोंच्या निवेदनाला मान्यता दिली. पण ब्यूलोंना त्याने मनातून कधीच माफ केलं नाही. पुढच्या वर्षी, जुलै १९०९ मध्ये, करांच्या प्रश्नावर संसदेत बहुमत गेलं आणि ब्यूलोंचं पद गेलं.

आणि इंग्लंडमध्ये? परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांनी त्या दिवसांत कैसरची तुलना एका युद्धनौकेशी केली : वाफ भरलेली, पंखे फिरताहेत, पण सुकाणूच नाही, कधीतरी कशावर तरी आदळणार. पाहा, हा प्रतिस्पर्ध्याच्या मनात बसलेला ग्रह आहे. १९०९ मध्ये ब्रिटनमध्ये आरमारावरून मोठी भीती पसरली आणि अखेर एका वर्षात आठ ड्रेडनॉट बांधायला घेतल्या गेल्या. मुलाखतीमुळे जहाजं बांधली, असं मी म्हणत नाही. जहाजांची शर्यत आधीच चालू होती. पण ज्या वेळी ‘जर्मनीच्या शब्दावर विश्वास ठेवू या’ असं म्हणणाऱ्या इंग्रजांना बळ मिळायला हवं होतं, त्या वेळी त्यांच्या हातात दाखवायला काही उरलं नव्हतं. बेपर्वा बोलण्याचं खरं नुकसान हे असतं. ते शत्रूला नवं कारण देईलच असं नाही, पण पलीकडच्या मित्राला मात्र गप्प करतं.

सगळ्यांत वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. एवढं वादळ होऊनही व्यवस्था बदलली नाही. चॅन्सेलर संसदेला उत्तरदायी व्हावा, हा विषय निघाला आणि विरला. धडा घेतला तो एवढाच, की सम्राटाने मुलाखती देऊ नयेत. म्हणजे जिभेला टाका घातला, पण कागद कुणी वाचायचा हे ठरलंच नाही.

एक प्रश्न आणि उत्तर

श्रोत्यांतून प्रश्न : मग पहिलं महायुद्ध कैसरच्या बोलण्यामुळे झालं, असं म्हणायचं का?

नाही. प्रश्न चांगला आहे, म्हणून सविस्तर सांगतो. युती होत्या, शस्त्रस्पर्धा होती, बाल्कनमधलं राजकारण होतं. एका माणसाच्या जिभेवर एवढं ओझं टाकणं म्हणजे बाकी सगळ्यांना मोकळं सोडणं. पण १९१४चा जुलै पाहा. ५ जुलैला ऑस्ट्रियाचा राजदूत कैसरकडे जेवायला आला. सर्बियाविरुद्ध काहीही करा, जर्मनी पाठीशी आहे, असा शब्द कैसरने त्याला दिला. दुसऱ्या दिवशी चॅन्सेलर बेथमान होलवेग यांनी त्याला दुजोरा दिला. त्यालाच इतिहासात ‘कोरा धनादेश’ म्हणतात. आणि ६ तारखेला कैसर नॉर्वेकडच्या आपल्या नेहमीच्या सफरीला निघून गेला.

परतल्यावर २८ जुलैला त्याने सर्बियाचं उत्तर वाचलं. ते इतकं नमतं होतं की त्याने लिहिलं, आता युद्धाचं कारणच उरत नाही. म्हणजे त्याने या वेळी कागद वाचला! पण त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं होतं. धनादेश वटला होता.

आणि ते युद्ध आपल्यापासून लांब नव्हतं. १९१६च्या एप्रिलमध्ये मेसोपोटेमियात कुत इथे तुर्कांच्या वेढ्यात उपाशी राहून शरण गेलेल्या फौजेत मराठा पलटणी होत्या. ११०वी होती, ११७वी होती. सातारा, रत्नागिरीकडची पोरं. त्यांचं कैसरशी काय वैर होतं? क्रूगर काय, ही पोरं काय, शब्द बोलणारा एक आणि निस्तरणारा दुसरा.

आपल्याकडे ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ म्हणतात ते बोलणाऱ्याला उद्देशून. मी आज त्यात थोडी भर घालीन. जीभ एकाची असते, पण तिच्या भोवती कान पुष्कळ असतात. तार ‘सौम्य’ म्हणून सुचवणारे, कागद न वाचता पुढे ढकलणारे, ठरलंच आहे म्हणून शेरा मारणारे. राज्यकर्त्याने तोलून बोलावं, हे खरंच. पण ज्या व्यवस्थेत त्याला ‘थांबा’ म्हणणाऱ्याला जागा नसते, तिथे तो तोलून बोलेल अशी आशा करणं म्हणजे नशिबावर हवाला ठेवणं.

पुढच्या व्याख्यानात आपण जुलै १९१४चे हेच चार आठवडे दिवसागणिक पाहणार आहोत. आज इथेच थांबतो.